गर्भवती पत्नीचा निवासहक्क : सब्र की दाद?



निकाह झाला आहे, पती परदेशात नोकरीला आहे. पत्नीने त्याच्याजवळ राहण्याच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज केला, शुल्क भरले, कागदपत्रे जोडली. काही महिन्यांनी नकाराचे पत्र आले आणि दरम्यान तिला दिवस गेले आहेत. अशा वेळी त्या नकाराविरुद्ध दाद मागावी, की जे झाले ती अल्लाहची मर्जी समजून स्वस्थ बसावे? प्रश्न कायद्याचा दिसतो, पण घरात तो कायदा म्हणून विचारला जात नाही. तो सब्र आणि तवक्कुलच्या भाषेत विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तरही आधी त्याच भाषेत शोधले पाहिजे.

आमचे कसाल हे मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे रस्ता फुटतो तिथले गाव. या तिठ्यावरून माणसे बाहेर जातात, मुंबईला, दुबईला, कुवेतला, विलायतेला. आणि त्यांची पत्रे, हल्ली त्यांचे व्हिसाचे कागद, परत येतात. इमामाकडे लोक दुआ मागायला येतात, तसेच सरकारी पत्र वाचून घ्यायलाही येतात. मराठीत बी.ए. केलेल्या इमामाच्या वाट्याला हे दुसरे काम जरा अधिकच येते. असेच एका देशाच्या व्हिसा खात्याचे नकाराचे पत्र वाचून दाखवल्यावर मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, ''मौलाना, सरकाराशी भांडान काय होतला? नशिबात आसात तर जायत.'' मुलगी पाचव्या महिन्यात होती. ती काही बोलली नाही. वडिलांच्या बोलण्यात नम्रता होती, ईमानही होते. तरीही ते बोलणे दीनच्या कसोटीवर पुरते उतरत नाही, आणि का उतरत नाही ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

सब्र म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे. सब्र म्हणजे हक्क मागताना, तो मिळेपर्यंत आणि तो न मिळाला तरीही, अल्लाहच्या मर्यादा न ओलांडणे. कुरआनात एका संपूर्ण सूरहचे नाव 'अल-मुजादिला' आहे, म्हणजे वाद घालणारी, दाद मागणारी स्त्री. ही स्त्री म्हणजे ह. खौला बिन्त सअलबा (रजि.). पती औस बिन सामित (रजि.) यांनी रागाच्या भरात 'जिहार'चे शब्द उच्चारले, जाहिली काळच्या रूढीप्रमाणे त्या एका वाक्याने संसार मोडत होता. खौला (रजि.) प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि पुन्हा पुन्हा आपली बाजू मांडत राहिल्या. ह. आयशा (रजि.) त्याच घरात होत्या आणि त्यांना सगळे बोलणे ऐकूही आले नाही, इतक्या हळू आवाजात ही फिर्याद चालली होती. ती सात आकाशांवर ऐकली गेली आणि त्या सूरहची पहिलीच आयत तिची साक्ष झाली. त्या फिर्यादी स्त्रीला कोणीही 'सब्र कर' असे सांगून परत पाठवले नाही.

आता दुसरी घटना पाहा. ती आपल्या प्रश्नाच्या इतकी जवळची आहे की ती ज्याला ठाऊक आहे त्याला नकाराच्या पत्राचा अर्थ वेगळा लागतो. ह. उम्मे सलमा (रजि.) आणि त्यांचे पती ह. अबू सलमा (रजि.) मक्केहून मदिनेला निघाले. उंटावर पत्नी, तिच्या मांडीवर लहानगा सलमा. वाटेत उम्मे सलमा (रजि.) यांच्या माहेरच्या, बनू मुगीराच्या लोकांनी अडवले : तुला जायचे तर जा, आमची मुलगी आम्ही तुझ्यासोबत देशोदेशी फिरू देणार नाही. हे पाहून पतीच्या कुळाचे, बनू अब्दुल असदचे लोक संतापले : मग आमचे मूल आम्ही तुमच्या मुलीकडे ठेवणार नाही. ओढाताणीत त्या बालकाचा हात निखळला. पती मदिनेला, पत्नी माहेरच्या ताब्यात, मूल सासरच्या ताब्यात. एका घराचे तीन तुकडे झाले. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की उम्मे सलमा (रजि.) रोज सकाळी अबतहच्या मैदानात जाऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत रडत. हे जवळजवळ वर्षभर चालले. शेवटी त्यांच्याच कुळातल्या एका माणसाला दया आली, त्याने आपल्या लोकांना गाठून या बिचारीला का अडवता असे विचारले आणि वाट मोकळी झाली. मग मूलही परत मिळाले.

ते रडणे म्हणजे हताशपणा होता असे कोणी समजू नये. लोक येता-जाता पाहतील अशा जागी रोज जाऊन बसणे, हाच तिचा अर्ज होता. रोज नव्याने दाखल केलेला. मनात आणखी एक गोष्ट येते ती जाता जाता सांगतो. पुढे एकट्या निघालेल्या या मायलेकरांना कुबापर्यंत सांभाळून पोहोचवणारे उस्मान बिन तलहा तोपर्यंत मुस्लिम झालेले नव्हते. उम्मे सलमा (रजि.) आयुष्यभर त्यांच्या सौजन्याची तारीफ करीत. आज परदेशात आपल्या मुलीची फाइल घेऊन न्यायालयात उभा राहणारा वकील कोणत्या धर्माचा आहे, हे विचारणाऱ्यांनी ही हकीकत आठवावी.

पण दाद मागायची तर कशाची? मेहेरबानीची की हक्काची? इथे फिकहचा मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीचा आशय असा की, तलाक दिलेल्या स्त्रियांनाही इद्दतीत तुम्ही जिथे राहता तिथे, ऐपतीप्रमाणे ठेवा. त्यांची कोंडी करण्यासाठी त्यांना त्रास देऊ नका. आणि त्या गर्भवती असतील तर बाळंत होईपर्यंत त्यांचा खर्च करा. आता विचार करा. जिचे नाते तुटत आले आहे तिला निवास आणि गर्भाच्या काळात खर्च, हे जर अल्लाहने बंधनकारक केले, तर जिचे नाते शाबूत आहे तिचा हक्क किती पटींनी दृढ असेल! उसूलच्या पुस्तकांत या प्रकारच्या अनुमानाला 'कियासे औला' म्हणतात. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे. त्या मसलकाचे फुकहा तर निवास पत्नीच्या स्थितीला साजेसा असावा इथपर्यंत सांगतात. म्हणजे सहनिवास हा निकाहच्या करारातून जन्मणारा हक्क आहे. सरकार तो हक्क निर्माण करीत नाही. सरकार आपल्या भूमीवर त्याला वाट देते किंवा देत नाही, एवढेच.

नेमका हाच मुद्दा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या एका न्यायालयात उभा राहिला होता. त्या इतिहासात आपल्या कोकणच्या माणसांचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील अनेक मुस्लिम केप टाउनला जाऊन स्थिरावले. दुकाने चालवली, मजुरी केली, मशिदी उभ्या केल्या. केप वसाहतीने १९०२ आणि १९०६ च्या कायद्यांनी नव्या आशियाई माणसांची वाट अरुंद केली. तिथे आधीपासून असलेल्या माणसाला गावी यायचे तर मुदतीचा परवाना घ्यावा लागे, त्यावर छायाचित्र आणि बोटांचे ठसे. मुदत चुकली की परतीचा हक्क गेला. असे हे परवानाधारक चाकरमानी काही वर्षांनी एकदा घरी येत, आणि बायको-मुले गावीच राहत.

अशा काळात हसन इसाप नावाच्या केपमधल्या रहिवाशाने आपली पत्नी बाई मरियम हिला हिंदुस्थानातून आणले. तिला प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी निकाल दिला. कायदा रहिवाशाच्या 'पत्नी'ला प्रवेश देत होता; प्रश्न होता, ही स्त्री कायद्याच्या अर्थाने पत्नी आहे काय? न्यायालयाचे म्हणणे असे की, ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना परवानगी आहे त्या धर्माच्या रीतीने लागलेला विवाह या कायद्याला ओळखीचा नाही. हसन इसापला एकच पत्नी होती, याने काही फरक पडला नाही. एका वाक्याने हजारो हिंदू, मुस्लिम, पारशी स्त्रिया कायद्यापुरत्या रखेली ठरल्या आणि त्यांची मुले अनौरस. नकार एका बाईला मिळाला होता. नाकारला गेला होता निकाह.

मग काय झाले ते सर्वांनी वाचलेले असते, पण बहुधा शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत. गांधीजींच्या नेतृत्वाखाली चाललेल्या सत्याग्रहात आता स्त्रिया उतरल्या. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून निघालेल्या सोळा जणांच्या तुकडीत कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी शेख मेहताब यांच्या पत्नी बाई फातिमा आणि फातिमांच्या आई हनीफाबाई यांनीही तुरुंगवास पत्करला. वलिअम्मा ही सोळा वर्षांची तमिळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ ला गेली. १९१४ च्या जुलैत इंडियन रिलीफ ॲक्ट संमत झाला आणि भारतीय धर्मरीतीने लागलेल्या विवाहातील एका पत्नीला, तिच्या मुलांसह, मान्यता मिळाली. 'एका' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तडजोड पूर्ण नव्हती. दुसरी पत्नी असलेल्या घरांचा प्रश्न तसाच राहिला. पण ज्या स्त्रियांना उद्या आपल्या नवऱ्याच्या घरी 'कायद्याने कोण?' असे विचारले गेले असते, त्यांना उत्तर मिळाले. सरकाराशी भांडून काय होणार, या प्रश्नाचे एक उत्तर या तारखांमध्ये आहे.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. वाट अरुंद झाली तेव्हा केपमधल्या काही माणसांनी कागदांवर खोटी नाती उभी केली. कुणाचा पुतण्या कुणाचा मुलगा म्हणून बोटीत चढला. अधिकाऱ्यांचा संशय वाढला, चौकशा कडक झाल्या आणि त्याचा जाच खरी मुले घेऊन येणाऱ्या बापांना भोगावा लागला. एका खोट्या कागदाची किंमत खरा अर्जदार मोजतो. आज त्याच चुकीचे नवे रूप आपल्या मोहल्ल्यांत दिसते : नातेवाइकांकडून सहा महिन्यांसाठी पैसे घेऊन खात्यात शिल्लक दाखवणे, नोकरीचे पत्र 'करून घेणे', निकाहची तारीख मागेपुढे करणे. ज्या हक्कासाठी उम्मे सलमा (रजि.) वर्षभर उघड्यावर बसल्या, तो मिळवायला खोट्या शपथेचा आधार घ्यायचा, हे दीनला मंजूर नाही. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आज्ञेने होते, आणि व्हिसा हाही एक करार आहे. त्या देशात शिरताना आपण त्याच्या अटी मान्य करतो. म्हणून मुदत संपल्यावर लपून राहणे हा मार्ग नाही. अपील हा मार्ग आहे, कारण अपिलाची तरतूद त्याच कराराचा भाग आहे.

आणि चौकशी ही नेहमी अपमान नसते. हुदैबियाच्या तहानंतर, हिजरी सन ६ मध्ये, ह. उम्मे कुलसूम बिन्त उक्बा (रजि.) मक्केहून एकट्या मदिनेला आल्या. मागोमाग त्यांचे दोघे भाऊ आले : तहाप्रमाणे आमची बहीण परत द्या. पुरुषांच्या बाबतीत प्रेषितांनी (स.) तह पाळला होता, अबू जंदल (रजि.) यांना साखळदंडासह परत जावे लागले होते. स्त्रियांच्या बाबतीत सूरह मुम्तहिनाची दहावी आयत उतरली. तिचा आशय असा की हिजरत करून आलेल्या ईमानधारक स्त्रियांची पारख करा, त्यांच्या ईमानाचे खरे ज्ञान अल्लाहलाच आहे, आणि त्या ईमानधारक आहेत अशी खात्री पटली की त्यांना परत पाठवू नका. उम्मे कुलसूम (रजि.) मदिनेतच राहिल्या. या एका आयतीत दोन गोष्टी आहेत. राज्याला विचारपूस करण्याचा अधिकार आहे. सूरहचे नावच पारख करण्यावरून पडले आहे. पण पारख झाल्यावर, सत्य समोर आल्यावर, स्त्रीला मागे ढकलण्याचा अधिकार नाही. नकाराच्या पत्राची परीक्षा आपण याच कसोटीने करावी. त्याने प्रश्न विचारले याचा राग नको. त्याने उत्तरे वाचली का, हे विचारावे.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ, कारण कोकणातली कितीतरी घरे तिथे आहेत. २०१२ च्या जुलैत तिथे नियम आला की पत्नीला आणायचे तर तिथल्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ते २९,००० पौंड झाले. पत्नी इथे शिक्षिका असेल, तिचा इथला पगार कितीही असला तरी हिशेबात धरत नाहीत. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण नियमांनी मुलांच्या हिताचा पुरेसा विचार केलेला नाही असेही बजावले. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या कार्यालयाने २०१५ मध्ये अशा कुटुंबांवर अहवाल काढला तेव्हा त्यांना 'स्काइप कुटुंबे' हे नाव पडले : बाप पडद्यावर, मूल पडद्यासमोर. नकाराच्या पत्रांत तर आधुनिक संपर्क साधनांनी नाते टिकवता येईल असेही सुचवलेले असते. ज्याने आपल्या नवजात बालकाच्या कानात अजान दिली आहे, त्याला फोनवरून दिलेली अजान आणि ती यांतला फरक समजावून सांगायला नको.

आता गर्भाकडे येऊ. मूल जन्मल्यावर त्याच्या हिताचा विचार करणे त्या देशात २००९ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. पण ते कलम तिथे असलेल्या बालकाविषयी बोलते. आईच्या पोटातले मूल त्या शब्दांच्या बाहेर राहते. इस्लामी फिकहने हे मूल बाहेर ठेवलेले नाही. वारसा वाटताना गर्भातील बालकाचा वाटा राखून ठेवावा लागतो, यावर फुकहांचे एकमत आहे. ज्याचे नावही ठेवलेले नाही त्याचा हिस्सा अडवून धरलेला असतो, आणि बाकीचे वारस थांबतात. याहून मोठा पुरावा सहीह मुस्लिममध्ये आहे. गामिद कबिल्याची एक स्त्री स्वतःहून प्रेषितांकडे (स.) आली आणि आपल्या गुन्ह्याची शिक्षा मागू लागली. ती गर्भवती होती. प्रेषितांनी (स.) तिला बाळंत होईपर्यंत परत पाठवले, बाळ घेऊन ती आली तेव्हा ते अंगावरून सुटेपर्यंत पुन्हा परत पाठवले. शरीअतची सर्वांत कठोर शिक्षा एका न जन्मलेल्या जिवासाठी थांबली. मग एका कार्यालयाचा शिक्का का थांबू नये? ज्या जिवाने कुणाचाही नियम मोडलेला नाही त्याच्यापुढे?

याच अर्थाचे शहाणपण लंडनच्या लॉर्ड्सच्या सभागृहाने २५ जून २००८ रोजी दाखवले, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. चिकवांबा नावाच्या त्या खटल्यात झिंबाब्वेची एक स्त्री होती. तिचा पती निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेला, आणि त्यांची लहान मुलगी तिथेच जन्मलेली. सरकारचे म्हणणे होते की तिने मायदेशी परत जावे आणि तिथून रीतसर अर्ज करावा, मग प्रवेश मिळेलच. न्यायाधीशांनी विचारले, जो अर्ज शेवटी मंजूरच व्हायचा, त्यासाठी आई आणि मुलीला तिकडे धाडण्याचा हेतू काय? मुले असलेल्या कुटुंबांच्या बाबतीत असा आग्रह क्वचितच योग्य ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रक्रिया माणसासाठी असते, हे एका परक्या न्यायालयाने ओळखले. सत्य जिथून येईल तिथून स्वीकारावे.

काही घरांत एक वेगळाच संकोच आढळतो : अपिलात गरोदरपणाचा उल्लेख करावा का? पोट पुढे करून दया मागितल्यासारखे नाही का होत? माझे मत स्पष्ट आहे. उल्लेख करावा, दाखले जोडावेत, आठवडे लिहावेत. इद्दतीच्या संदर्भात कुरआनने (सूरह बकरा, आयत २२८) अल्लाहने गर्भाशयात जे निर्माण केले ते लपवणे स्त्रियांना निषिद्ध केले आहे, कारण गर्भामुळे इतरांचे हक्क आणि कर्तव्ये बदलतात. इथेही तेच आहे. गर्भ ही सबब नव्हे, ती वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थिती सांगणे म्हणजे साक्ष देणे. शिवाय काळाचा हिशेब आहे. अपिलाची सुनावणी व्हायला कित्येक महिने लागतात. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर गर्भवतीला विमानात घेत नाहीत. न्यायालयाची तारीख पुढे ढकलता येते, बाळंतपणाची येत नाही.

इतका वेळ आपण दुसऱ्यांच्या नकाराविषयी बोललो. आता जे लिहायचे आहे ते काही वाचकांना टोचेल. उम्मे सलमा (रजि.) यांना कोणी अडवले होते? कोणत्या सरकारने? माहेरने आणि सासरने. आपल्याकडे सुनेचा अर्ज व्हिसा खात्यापर्यंत पोहोचण्याआधी घरातच नामंजूर होतो. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, दिराचे लग्न व्हायचे आहे, नवे घर बांधायला काढले आहे, मग इथे बघणार कोण? दुबईत पत्नीला बोलवायला नवऱ्याचा पगार दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा लागते. मला अशी माणसे ठाऊक आहेत ज्यांचा पगार याहून बराच अधिक आहे आणि ज्यांनी दहा वर्षांत एकदाही अर्ज केलेला नाही. घराला चिरा लागतो, वर स्लॅब पडतो, गेटवर नाव कोरले जाते, आणि त्या घरात एक स्त्री वर्षातून एक महिना विवाहित असते. वृद्ध आईवडिलांची सेवा हे मुलाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य सुनेच्या खांद्यावर टाकून मुलगा मोकळा होत नाही, आणि सुनेने प्रेमाने केलेली सेवा हे तिचे उपकार असतात, तिच्या निवासहक्काची किंमत नव्हे. तिने आपखुशीने गावी राहायचे ठरवले तर गोष्ट निराळी. पण तिला तसे खरेच कोणी विचारले आहे का?

ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतली हकीकत प्रसिद्ध आहे. रात्रीच्या फेरीत त्यांनी एका स्त्रीला पतीच्या विरहात कविता म्हणताना ऐकले; पती जिहादवर होता. त्यांनी आपली कन्या ह. हफ्सा (रजि.) यांना विचारले की स्त्री पतीविना किती काळ राहू शकते. उत्तर चार महिन्यांचे होते, काही रिवायतींत सहा. त्यानुसार त्यांनी सैनिकांच्या गैरहजेरीला मर्यादा घातली. सीमेवर लढणाऱ्या सैनिकाला जी सवलत नव्हती ती आपण हॉटेलातल्या कॅशियरला देऊन टाकली आहे. जो बाप व्हिसा अधिकाऱ्याच्या निर्दयतेची तक्रार करतो, त्याने आपल्या सुनेच्या अर्जावर स्वतः काय शेरा मारला होता तेही आठवावे.

गरोदर सुनेने प्रवास करू नये, असेही एक कारण दिले जाते. डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर जरूर मानावे. पण प्रथेचा आधार देऊ नये. ह. अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांनी हिजरत केली तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते, कुबात त्या बाळंत झाल्या, आणि अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) हे मदिनेत मुहाजिरांच्या घरी जन्मलेले पहिले बालक. धोका असतो तो वाटेत अडवणाऱ्यांचा. प्रेषितांच्या (स.) कन्या ह. जैनब (रजि.) बद्रच्या लढाईनंतर मक्केहून निघाल्या तेव्हा हब्बार बिन असवदने भाला रोखून त्यांना भिववले. त्या गर्भवती होत्या, आणि त्यांचा गर्भपात झाला, असे सीरतकारांनी नोंदवले आहे. गर्भवती स्त्रीची वाट अडवणे म्हणजे काय, हे उम्मतला आपल्या प्रेषितांच्या (स.) घरातूनच ठाऊक आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. नकाराचे पत्र आले की पहिली तारीख पाहावी. ब्रिटनच्या सध्याच्या नियमांनुसार कौटुंबिक जीवनाच्या आधारावर अपील करता येत असेल तर बाहेरच्या अर्जदाराला २८ दिवस आणि त्या देशात असलेल्याला १४ दिवस मिळतात. घरात सल्लामसलत करण्यात आणि मौलानांची सवड पाहण्यात हे दिवस सहज जातात. दुसरे, १९१३ चा धडा ध्यानात ठेवून निकाहनाम्यावर थांबू नये. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली विवाहनोंदणी करून घ्यावी. गावात ती ग्रामपंचायतीत होते. पासपोर्ट, निकाहनामा आणि नोंदणी या तिन्हींवर नावाची अक्षरे एकच असावीत. मरियम, मरियमबी आणि मरियमबेगम या तीन वेगळ्या स्त्रिया आहेत असे एखाद्या अधिकाऱ्याला वाटले तर दोष त्याला देता येणार नाही. वकिलाचे शुल्क मोठे असते. शादीच्या जेवणावळीला जी जमात एका रात्रीत वर्गणी गोळा करते, तिने एका घराचा सहवास वाचवायला कर्जे हसना द्यायला मागे राहू नये.

आणि अपील फेटाळले गेले तर? तेव्हाही सब्रचा अर्थ 'तिकडेच राहा, इकडे मी आहे' असा होत नाही. सूरह तलाकमधली निवासाची आज्ञा पुरुषाला उद्देशून आहे. पत्नीला जवळ ठेवणे त्याचे कर्तव्य आहे. ते कोणत्या देशात पार पाडायचे हे ठरलेले नाही. लंडनमध्ये नाही जमले तर कसालमध्ये, कुडाळमध्ये, पुण्यात. काही वर्षांची कमाई, कायम वास्तव्याची जवळ आलेली मुदत, हे सारे पणाला लागते, आणि हा निर्णय सोपा आहे असे मी म्हणणार नाही. काही जण परत येतात, काही दुसरी नोकरी शोधून वर्षभराने पुन्हा अर्ज करतात, काहींना आईवडिलांच्या औषधांसाठी तिथलाच पगार लागतो. पण एवढे तरी प्रत्येकाला करता येते : नवव्या महिन्यात रजा काढून यावे. मालक रजा देत नसेल तर बिनपगारी यावे. त्या तिकिटाचे पैसे हौसेच्या खात्यात धरू नयेत, ते नफक्याच्या खात्यात लिहावेत, पत्नीच्या अन्नवस्त्राच्या ओळीखाली.